नागपूरच्या संग्रहालयातील वऱ्हाड

लोकांच्या तोंडी ‘अजब बंगला’ म्हणून रूढ झालेले नागपूरचे मध्यवर्ती संग्रहालय १८६३ मध्ये, मध्य प्रांताचे मुख्य आयुक्त सर रिचर्ड टेंपल यांच्या कारकिर्दीत उभे राहिले, तेव्हा अकोला, अमरावती, वाशीम हा सारा वऱ्हाडचा मुलूख त्या प्रांतात नव्हता. निजामाने हैदराबाद कंटिंजंट या फौजेच्या खर्चापोटी थकलेल्या कर्जासाठी १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला होता, पण तो कागदोपत्री निजामाचाच राहिला आणि त्याचा कारभार हैदराबादचा रेसिडेंट पाहत असे. १९०२ च्या कराराने वार्षिक पंचवीस लाख रुपयांच्या मोबदल्यात हा प्रदेश इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाला आणि १९०३ पासून त्याचा कारभार मध्य प्रांताला जोडला गेला. वऱ्हाडच्या भूमीतून निघालेल्या मूर्ती आणि नाणी यांचा नागपूरशी आलेला संबंध या राजकीय व्यवहाराचे फलित आहे. संग्रहालयातील पाटीवर वस्तूचे गाव, शतक आणि धातू एवढेच येते. ती वस्तू त्या कपाटापर्यंत कोणत्या वाटेने पोचली हे तेथे लिहिलेले नसते, आणि वऱ्हाडच्या बाबतीत ही वाट समजल्याखेरीज वस्तूचा अर्थही पुरता लागत नाही.

ही वाट मुख्यतः एका कायद्याने आखली. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत पुरलेली आणि दहा रुपयांहून अधिक किमतीची कोणतीही वस्तू सापडल्यास ती सापडणाऱ्याने जिल्हाधिकाऱ्याला कळवणे बंधनकारक झाले. जिल्हाधिकाऱ्याने जाहीर नोटीस काढून हक्कदारांना बोलवायचे, कोणी मालक सिद्ध झाला नाही तर निधी बेवारस ठरवायचा, आणि सरकारला तो हवा असल्यास विकत घ्यायचा, अशी ही पद्धत होती. यातील किमतीची व्याख्या कलेतिहासाच्या दृष्टीने फार बोलकी आहे. सरकारने द्यायची रक्कम वस्तूच्या द्रव्याची, म्हणजे सोने, चांदी, तांबे यांची किंमत आणि तिच्या वर तिचा एक पंचमांश भाग एवढी ठरवलेली होती. मूर्तिकाराची कारागिरी, मूर्तीचे वय आणि तिच्यावरचा लेख यांना या हिशेबात स्थान नव्हते. कायद्याच्या लेखी तीर्थंकराची मूर्ती आणि तितक्याच वजनाची पितळी परात यांत फारसा फरक नव्हता. तरीही या कायद्याचा उपयोग झाला हे नाकारता येणार नाही, कारण त्याच्या धाकाविना शेतात सापडलेला बहुतेक धातू गावच्या तांबटाच्या मुशीत गेला असता, आणि काही प्रमाणात तो तसा गेलाही असणार.

अशा रीतीने नागपूरला पोचलेल्या वऱ्हाडी वस्तूंत राजनापूर खिनखिनी येथील जैन धातुमूर्तींचा संच सर्वांत मोलाचा मानला पाहिजे. राजनापूर खिनखिनी हे मूर्तिजापूर तालुक्यातील गाव आहे. मूर्तिजापूर तालुका १९०५ पर्यंत अमरावती जिल्ह्यात होता. त्या वर्षी वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार जिल्हे करण्यात आले, तेव्हा तो अकोल्याकडे आला, आणि म्हणून या मूर्ती अकोला जिल्ह्याच्या नावाने नोंदल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हा संच एकत्र सापडला. पुढे बालचंद्र जैन आणि उमाकांत शाह यांच्यासारख्या अभ्यासकांनी त्याची दखल घेतली आणि दख्खनच्या जैन धातुशिल्पाच्या चर्चेत वऱ्हाडातील या लहानशा गावाचे नाव कायमचे दाखल झाले.

या मूर्ती समजून घेण्यासाठी जैन मूर्तिविधानातील काही संज्ञा आवश्यक आहेत. तीर्थंकर, म्हणजे संसारसागर तरून जाण्याचा मार्ग दाखवणारे चोवीस जिन, दोनच आसनांत दाखवले जातात: पद्मासनात बसलेले, किंवा कायोत्सर्गात, म्हणजे देहाची जाणीव सोडून हात गुडघ्यांपर्यंत सरळ सोडलेल्या स्थितीत उभे. चेहऱ्यावरून एक तीर्थंकर दुसऱ्यापासून ओळखता येत नाही; खांद्यावर रुळणाऱ्या जटांवरून ऋषभनाथ, डोक्यावरच्या नागफणांवरून पार्श्वनाथ, आणि इतर बहुतेक पीठावर कोरलेल्या लांछनावरून, म्हणजे बैल, सिंह, शंख अशा चिन्हावरून ओळखले जातात. एका मुख्य जिनाभोवती आणखी दोन जिन असतील तर ती त्रितीर्थी, चार असतील तर पंचतीर्थी आणि चोवीसही जिन एका प्रभावळीत बसवले असतील तर ती चोवीसी होय. पायथ्याशी यक्ष आणि यक्षी हे शासनदेवतांचे जोडपे असते. त्यांपैकी मांडीवर मूल घेतलेली आणि आंब्याच्या झाडाशी निगडित असलेली अंबिका लोकभक्तीत इतकी प्रिय होती की तिच्या स्वतंत्र मूर्तीही घडवल्या गेल्या.

अशा मूर्ती लुप्तमेण पद्धतीने ओतल्या जात. या पद्धतीला संस्कृत ग्रंथांत मधूच्छिष्टविधान म्हणतात. मधूच्छिष्ट म्हणजे मध काढून घेतल्यावर उरलेले मेण. मेणाची मूर्ती घडवायची, तिच्यावर बारीक मातीचे आणि मग जाड मातीचे थर चढवायचे, साचा भाजला की मेण वितळून वाहून जाते, आणि त्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील ‘मानसोल्लास’ या ग्रंथात या कृतीचे सविस्तर वर्णन आले आहे. धातू निवल्यावर साचा फोडावा लागत असल्याने प्रत्येक मूर्ती एकुलती एक असते. दुसरी हवी असेल तर मेणापासून पुन्हा सुरुवात. घरच्या देव्हाऱ्यात मावतील किंवा श्रावकांना प्रवासात सोबत नेता येतील अशा लहान आकाराच्या मूर्ती दगडी मूर्तींपेक्षा जास्त फिरत, आणि त्यामुळे एखादी मूर्ती जेथे सापडली तेथेच घडली असे गृहीत धरणे धोक्याचे ठरते. एका ठिकाणी एकत्र पुरलेल्या मूर्तींबाबत तर अभ्यासकाला दोन्ही शक्यता मोकळ्या ठेवाव्या लागतात: संकटकाळी मंदिरातील देव लपवले असतील, किंवा झिजलेल्या आणि भंगलेल्या मूर्ती विधिपूर्वक भूमीला अर्पण केल्या असतील. मूर्तिभंजनाच्या कथा अशा प्रत्येक निधीला सहज चिकटतात, पण त्या बहुधा पुराव्यापेक्षा सवयीने सांगितल्या जातात.

वऱ्हाडचा संग्रहालयप्रेमी वाचक येथे नावांनी फसण्याची शक्यता आहे. भारतीय धातुशिल्पाच्या कोणत्याही ग्रंथात वारंवार येणारे अकोटा हे वडोदऱ्याजवळचे ठिकाण आहे आणि तेथील जैन मूर्ती बडोद्याच्या संग्रहालयात आहेत. सातपुड्याच्या पायथ्याच्या अकोटशी त्यांचा काही संबंध नाही. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधील ‘अमरावती’च्या संगमरवरी भासणाऱ्या बौद्ध शिल्पपट्टांचे मूळ गावही आंध्रातले, कृष्णेच्या काठचे आहे. वऱ्हाडच्या वाट्याला जागतिक कीर्तीचे नाव दोनदा आले आणि दोन्ही वेळा ते शेजाऱ्यांचे निघाले.

राजनापूर खिनखिनीच्या मूर्ती पूजेतून सुटून कपाटात आल्या, त्याच काळात अकोल्याच्या न्यायालयातून निघालेला दुसऱ्या एका जैन मूर्तीचा खटला थेट लंडनपर्यंत गेला होता. तेव्हा अकोला जिल्ह्यात आणि आता वाशीम जिल्ह्यात असलेल्या शिरपूर येथील अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी असल्याची श्रद्धा आहे, आणि तिच्याशी अचलपूरच्या राजाच्या रोगमुक्तीची आख्यायिका जोडलेली आहे. मूर्तीवर लेप चढवलेला असतो. त्या लेपात कमरेची मेखला आणि लंगोटीच्या रेषा दाखवायच्या की नाहीत हा वादाचा गाभा होता, कारण जिनमूर्तीला वस्त्राची खूण असणे श्वेतांबरांना मान्य आणि दिगंबरांना अमान्य आहे. १९१० मध्ये अकोल्यात दावा दाखल झाला आणि १९२९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या साम्राज्यातील शेवटच्या अपील न्यायालयाने, त्याचा निकाल दिला. वाद त्यानंतरही मिटला नाही. १९८१ मध्ये बंद झालेले मंदिर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर उघडले. कलेच्या अभ्यासकाला कमरेच्या ज्या रेषेवरून मूर्तीचा पंथ आणि कधीकधी काळ ठरवता येतो, तीच रेषा भक्तांच्या दृष्टीने हक्काची सीमा असते. संग्रहालयातील मूर्तीच्या कमरेकडे कोणी त्या नजरेने पाहत नाही, आणि हा फरक संग्रहालयाने केलेल्या सर्वांत मोठ्या बदलाचा पुरावा आहे. गावाबाहेरचे पवळी मंदिर हे शिरपूरचे जुने देवालय हेमाडपंती समजले जाते. हेमाडपंती म्हणजे चुन्याशिवाय, घडीव दगड एकमेकांत गुंतवून केलेली बांधणी. यादवांचा तेराव्या शतकातील मंत्री हेमाद्री याच्या नावाने ती ओळखली जात असली तरी ती त्याच्या आधीपासून प्रचारात होती, आणि अकोल्याजवळच्या बार्शीटाकळीचे बाराव्या शतकातील देवीमंदिर याची साक्ष देते.

वऱ्हाडच्या पुरातत्त्वात १९३९ हे वर्ष विलक्षण ठरले. त्या वर्षी मंगरुळपीर तालुक्यातील तऱ्हाळा येथे सातवाहन राजांच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा साठा निघाला. ही नाणी पोटीन नावाच्या, म्हणजे तांबे, कथील आणि शिसे यांच्या मिश्रधातूची असून त्यांच्या एका बाजूस सोंड उंचावलेला हत्ती आणि राजाचे नाव, तर दुसऱ्या बाजूस उज्जयिनी चिन्ह, म्हणजे क्रूसाच्या चार टोकांना वर्तुळे असलेली आकृती आहे. नागपूरच्या मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवणारे वासुदेव विष्णु मिराशी यांनी ती वाचली, तेव्हा गौतमीपुत्र सातकर्णी, पुळुमावी, यज्ञ सातकर्णी या परिचित नावांबरोबर कुंभ, कर्ण आणि शक सातकर्णी अशी पुराणांच्या यादीत कोठेही नसलेली नावे पुढे आली. पुराणे ज्यांना विसरली त्या राजांची स्मृती नखाएवढ्या हत्तीच्या पाठीवर टिकून होती, आणि सातवाहनांच्या उत्तरकाळात विदर्भावर कोणाची सत्ता होती हा प्रश्न त्यातून नव्याने उभा राहिला.

याच वर्षी उजेडात आलेला वाशीमचा ताम्रपट मात्र वऱ्हाडपुरता राहिला नाही. त्याने अजिंठ्याच्या भिंतीवरचा लेख बदलला. यवतमाळच्या शारदाश्रम या इतिहाससंशोधन संस्थेचे यशवंत खुशाल देशपांडे यांनी महाजन यांच्यासह तो विद्वानांपुढे आणला आणि पुढे मिराशींनी त्याचा सखोल अभ्यास केला. वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याच्या सदतिसाव्या राज्यवर्षातील हे दानपत्र आहे. त्यातील वंशावळ संस्कृतात आणि दानाचा व्यावहारिक मजकूर प्राकृतात आहे. दान दिलेली जमीन नांदीकट, म्हणजे नांदेड, या भागातील होती, आणि पत्र दिले गेले ते वत्सगुल्म येथून. वत्सगुल्म म्हणजे वाशीम. वाकाटक सम्राट पहिल्या प्रवरसेनाचा सर्वसेन नावाचा पुत्र होता आणि त्याने येथे स्वतंत्र शाखा स्थापली हे या पटामुळे निश्चित झाले.

अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यात डाव्या बाहेरच्या भिंतीवर वराहदेव या मंत्र्याचा शिलालेख आहे. वाकाटक राजा हरिषेणाच्या या मंत्र्याने ते लेणे भिक्षुसंघाला अर्पण करताना आपल्या राजाची वंशावळ त्यात कोरली होती, पण पाण्याने आणि काळाने अक्षरे इतकी झिजली होती की एकोणिसाव्या शतकातील मोठमोठ्या वाचकांनीही काही नावे अंदाजाने भरली होती. वाशीमच्या पटातील नावे हाती आल्यावर मिराशींनी तो लेख पुन्हा वाचला, आणि जेथे पूर्वी भलत्याच राजाचे नाव वाचले गेले होते तेथे सर्वसेन दिसू लागला. अजिंठ्याचे उत्तरकालीन वैभव ज्या राजसत्तेच्या छायेत फुलले तिची राजधानी वऱ्हाडात होती, हे त्या क्षणापासून गृहीतकाऐवजी पुराव्याचे विधान बनले. सोळाव्या लेण्यातील बुद्धाचा भाऊ नंद याच्या विरहाने मूर्च्छित झालेल्या सुंदरीचे चित्र, जे ‘मरणोन्मुख राजकन्या’ या नावाने जगभर छापले गेले, त्याचा दाता वत्सगुल्मच्या दरबारातला होता. हा दरबार साहित्यातही ओळखीचा होता; सर्वसेन स्वतः प्राकृत काव्य रचणारा राजा म्हणून नावाजला होता आणि राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह वत्सगुल्म नगरात लावून दिला आहे. वाशीमजवळच्या हिस्से बोराळा येथील देवसेनाच्या काळातील लेखावर शक ३८०, म्हणजे इसवी सन ४५८ च्या सुमाराचा काल आहे. वाकाटकांचे बहुतेक लेख राज्यवर्षांतच बोलतात, म्हणून सुदर्शन नावाच्या तळ्याची नोंद करणारा हा एक दगड अजिंठ्याच्या कालगणनेला खुंटीसारखा उपयोगी पडतो.

या पार्श्वभूमीवर अजिंठ्याच्या प्रतिकृतींची गोष्ट वऱ्हाडच्या कलेच्या प्रदर्शनाची गोष्ट ठरते, जरी ती दाखवणाऱ्यांना आणि पाहणाऱ्यांना तसे वाटले नसले तरी. मद्रास सैन्यातील अधिकारी रॉबर्ट गिल यांनी १८४४ नंतर अनेक वर्षे खर्चून लेण्यांतील चित्रांच्या मोठ्या प्रतिकृती तयार केल्या आणि लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये त्या मांडल्या गेल्या. १८६६ च्या आगीत त्यांतील जवळजवळ सर्व जळाल्या. पुढे मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांकडून नवा संच करून घेतला, तर त्यातलाही मोठा भाग १८८५ मध्ये साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेला. दोन्ही वेळी प्रेक्षकांना ही चित्रे वऱ्हाडातील राजसत्तेच्या काळातील आहेत हे सांगता येत नव्हते, कारण वाकाटकांच्या वत्सगुल्म शाखेची कल्पनाही तेव्हा कोणाला नव्हती. गिल यांनी नंतर छायाचित्रणाकडे मोर्चा वळवला आणि जेम्स फर्ग्युसन यांच्यासह १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या चित्रसंग्रहात लोणारच्या मंदिरांसारखी वऱ्हाडातील स्थळेही आली. चित्रकाराच्या कुंचल्याने जे आगीत गमावले त्याच्या मानाने छायाचित्रांचे नशीब बरे निघाले.

जे उचलून नेता येत नव्हते ते जागीच राहिले, आणि त्यात नरनाळा किल्ल्याच्या महाकाली दरवाजाची बरोबरी करणारी वास्तू वऱ्हाडात दुसरी नाही. अकोट तालुक्यात सातपुड्याच्या धारेवरचा हा दरवाजा बहमनी सुलतान शिहाबुद्दीन महमूद शाह याच्या काळात फतहुल्ला इमादुल्मुल्क याने १४८७ मध्ये बांधल्याचे त्यावरील लेखात म्हटले आहे. फतहुल्ला हा विजयनगरच्या मुलखातून लहानपणी बंदी म्हणून आलेला आणि धर्मांतरित झालेला मूळचा ब्राह्मण, जो सेवेत चढत वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये इमादशाहीचा संस्थापक ठरला. वऱ्हाडच्या काळ्या पाषाणात उजळ वाळूचा दगड आणवून त्याने कमानीच्या दोन्ही बाजूंना कमळे, जाळ्या, पुढे आलेले सज्जे आणि अरबी लेखांचे पट्टे कोरून घेतले. दरवाजावर नाव सुलतानाचे आहे, पण त्याच्या ऐश्वर्यात स्वतंत्र होऊ पाहणाऱ्या सुभेदाराची महत्त्वाकांक्षा स्पष्ट दिसते, आणि बिदरची बहमनी सत्ता तीन वर्षांतच नाममात्र उरली हे पाहता तो दरवाजा राजनिष्ठेचे स्मारक म्हणून वाचणे कठीण आहे. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर इमादशाहीचे चिन्ह मानले जाणारे दोन तोंडांचे गंडभेरुंड पक्षी आणि सिंह दरवाजाच्या दगडात कोरलेले आहेत. दख्खनच्या हिंदू आणि मुसलमान दरबारांनी एकच चिन्ह कसे वापरले याचे ते उत्तम उदाहरण आहे. बाळापूरची मिर्झाराजे जयसिंग यांच्या नावाने ओळखली जाणारी छत्री आणि पातूरची अर्धवट सोडलेली लेणी यांचाही याच वर्गात समावेश होतो.

अशा वास्तूंची सरकारी नोंद हेन्री कझन्स यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांत आणि वऱ्हाडच्या यादीत झाली, रायबहादूर हिरालाल यांनी १९१६ मध्ये या प्रांतांतील लेखांची सूची केली, आणि यादव माधव काळे यांनी १९२४ मध्ये ‘वऱ्हाडचा इतिहास’ लिहून हे साहित्य मराठी वाचकांपर्यंत आणले. या तीन ग्रंथांचा जिल्हावार आराखडा मात्र एकसारखा नाही, कारण कझन्स यांची यादी सहा जिल्ह्यांच्या वऱ्हाडची आहे आणि हिरालाल यांच्या सूचीच्या वेळी जिल्हे चार झाले होते. वाशीम जिल्हा १९०५ मध्ये मोडून त्याचे वाशीम आणि मंगरुळ तालुके अकोल्याला मिळाले आणि १ जुलै १९९८ रोजी तो पुन्हा स्वतंत्र झाला. म्हणून तऱ्हाळ्याची नाणी जुन्या लिखाणात अकोला जिल्ह्याची आणि नव्या लिखाणात वाशीम जिल्ह्याची असतात, शिरपूर प्रिव्ही कौन्सिलच्या कागदांत अकोल्याचे आणि सर्वोच्च न्यायालयाच्या कागदांत वाशीमचे असते, आणि मूर्तिजापूर भागातील एखाद्या मंदिराचा एकोणिसाव्या शतकातील उल्लेख शोधायचा तर अमरावतीचे पान उघडावे लागते.